एसएलए ९७ टक्के, तरी काम अडलेलंच: आयटी सपोर्टचा दर्जा खरा कसा मोजायचा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हेल्पडेस्कचा अहवाल येतो. एसएलए (ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा करार) पूर्तता ९७ टक्के, युजरचं समाधान पाचपैकी ४.६. त्याच आठवड्यात डिस्पॅचमधली माणसं सांगतात की लेबल प्रिंटर महिन्यात चौथ्यांदा बंद पडला आणि रात्रपाळीत गाडी उभी राहिली. अहवालात खोटं काहीच नसतं. तो फक्त सपोर्ट टीमच्या घड्याळाने लिहिलेला असतो. दर्जा मोजायचा असेल तर घड्याळ युजरच्या हातातलं धरावं लागतं: माणसाचं काम एकूण किती वेळ अडलं, आणि त्याच कारणाने पुन्हा अडलं का. हे दोन आकडे बहुतेक अहवालांत नसतात, पण ते काढता येतात, आणि त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

समोर एक नमुना ठेवू. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातला कारखाना, तीन पाळ्या, पुण्यात ऑफिस, मिळून सातशे युजर. सपोर्टचं काम कंत्राटावर, काही रेसिडेंट (जागेवरच बसणारे) इंजिनियर, तिकिटांसाठी, म्हणजे तक्रारींच्या नोंदीसाठी, सर्व्हिसडेस्क प्लस किंवा जीएलपीआयसारखं एखादं साधन. पुढची सगळी गणितं अशा ठिकाणाला धरून आहेत.

घड्याळ कुठे थांबतं

पहिल्यांदा कंत्राटातली सेवेची वेळ बघा. समजा ती सकाळी ९:३० ते संध्याकाळी ६:३० आहे आणि मध्यम प्राधान्याच्या तिकिटाला ४ तासांची मुदत आहे. शनिवारी संध्याकाळी ६:१५ ला तिकीट टाकलं तर त्या दिवसाची १५ मिनिटंच मोजली जातात. रविवार सुटी. सोमवारी ९:३० ला घड्याळ पुन्हा सुरू होतं आणि दुपारी १:१५ पर्यंत तिकीट 'मुदतीत' राहतं. मधे ४३ तास गेले. ऑफिसातल्या माणसाला याचा फारसा त्रास होत नाही, कारण तोही सुटीवर असतो. पण कारखाना तीन पाळ्यांत चालत असेल तर ते ४३ तास कुणीतरी हाताने लेबलं लिहीत असतं. म्हणून सेवेची वेळ विभागवार ठरवावी. डिस्पॅच, गेट, वजनकाटा आणि उत्पादनाची नोंद घेणारे पीसी चोवीस तासांच्या यादीत, बाकी ऑफिस दिवसाच्या. सगळ्यांसाठी चोवीस तास मागितले तर खर्च परवडत नाही, आणि मग कुणालाच मिळत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे 'युजर पेंडिंग'. इंजिनियरने एकदा फोन केला, युजर मशीनवर होता, उचलला नाही. तिकीट पेंडिंगवर जातं आणि घड्याळ थांबतं. तीन दिवसांनी ते आपोआप बंदही होतं. बहुतेक साधनांत प्रत्येक स्थितीत तिकीट किती वेळ होतं याचा इतिहास साठवलेला असतो. तो एक्सेलमध्ये उतरवा आणि तीन महिन्यांच्या सगळ्या तिकिटांचा 'पेंडिंग' वेळ बेरीज करून एकूण वेळेशी ताडून बघा. निम्म्याहून जास्त वेळ पेंडिंगमध्ये असेल तर एसएलएचा टक्का वाचण्यात अर्थ नाही. नियम असा करा की पेंडिंगवर टाकताना नेमकं काय हवंय ते लिहिलं पाहिजे, निदान एक प्रयत्न युजरच्या पाळीच्या वेळेत झाला पाहिजे, आणि वेंडरकडून पार्ट यायचा असेल तर घड्याळ थांबणार नाही. पार्ट उशिरा येणं ही युजरची चूक नव्हे.

अहवाल तपासायची एक सोपी ताडणी

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं एक सूत्र इथे फार कामाला येतं. रांगेत सरासरी जितकी कामं पडलेली असतात, ती संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. रोज ४० तिकिटं येत असतील आणि कुठल्याही दिवशी साधारण २०० उघडी दिसत असतील, तर एक तिकीट सरासरी ५ दिवस उघडं राहतं. अहवाल 'सरासरी निवारण ६ तास' म्हणत असेल तर फरक कुठेतरी लपलाय: पेंडिंगमध्ये, सुटीच्या तासांत, किंवा महिनाअखेर बंद न झालेली तिकिटं हिशोबातूनच गाळण्यात. निवारणाची सरासरी काढताना फक्त बंद झालेली तिकिटं घेतात, म्हणून सगळ्यांत जुनी, सगळ्यांत त्रासदायक तिकिटं त्या सरासरीत कधीच दिसत नाहीत. उघड्या तिकिटांचं वय वेगळं मागा: ३ दिवसांपर्यंत किती, ४ ते १० किती, १० च्या पुढे किती.

मुदत एकदा चुकलेल्या तिकिटाकडे विशेष लक्ष हवं. टक्क्याच्या हिशोबात ते एकदाच चुकलेलं धरलं जातं. उद्या सुटलं काय आणि महिन्याने सुटलं काय, आकडा तोच. त्यामुळे इंजिनियर साहजिकच अजून मुदतीत असलेलं तिकीट आधी उचलतो आणि चुकलेलं तळाशी जातं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, मोजपट्टीच तसं करायला सांगते. चुकलेल्या तिकिटांचं रोजचं वय अहवालात आलं की हे बदलतं.

सरासरीबद्दल आणखी एक. दहा तिकिटं घ्या. नऊ पासवर्ड रीसेट, प्रत्येकी १० मिनिटं, आणि एक खराब मदरबोर्ड, ४० कामाचे तास. सरासरी येते सुमारे ४ तास १० मिनिटं. असा अनुभव दहापैकी एकालाही आलेला नाही. मधला आकडा (वेळा चढत्या क्रमाने मांडल्यावर मध्यावर येणारा) आणि नव्वदावा शतमक, म्हणजे ज्या वेळेत शंभरातली नव्वद तिकिटं सुटतात तो वेळ, असे दोन आकडे मागा, आणि तेही प्रकारवार. पासवर्ड आणि हार्डवेअर एका मापात मोजूच नका.

शंभर तिकिटं वाचा

आकड्यांपेक्षा जास्त माहिती तिकिटांच्या मजकुरात असते आणि ती कुणी वाचत नाही. गेल्या तीन महिन्यांतली १०० तिकिटं काढा, एक्सेलच्या रँड फंक्शनने, हाताने निवडून नव्हे. शिवाय पुन्हा उघडलेली सगळी आणि १० दिवसांपेक्षा जुनी सगळी. दोन माणसांनी ती स्वतंत्रपणे वाचावीत: एक सपोर्टमधला अनुभवी इंजिनियर, दुसरा वापरणाऱ्या विभागातला. प्रत्येक तिकिटाला तेच प्रश्न लावायचे. युजरचं म्हणणं त्याच्या शब्दांत नोंदवलंय का? काय केलं हे दुसऱ्या इंजिनियरला कळेल असं लिहिलंय का? कारण लिहिलंय का, की फक्त 'इश्यू रिझॉल्व्ड'? तिकीट किती हातांतून गेलं? बंद करण्याआधी युजरला विचारलं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचा: त्याच माणसाचं किंवा त्याच मशीनचं तेच दुखणं ३० दिवसांत परत आलंय का?

शेवटच्या प्रश्नासाठी मशीनचा नंबर तिकिटात असावा लागतो. तो नसेल तर इथेच पहिली सुधारणा सापडली. लॅपटॉप आणि प्रिंटरवर ठळक टॅग चिकटवा आणि तिकीट नोंदवताना तो सक्तीचा करा. टॅगशिवाय पुनरावृत्ती मोजता येत नाही, कारण 'रीओपन' फार थोड्या वेळा वापरलं जातं. युजर जुनं तिकीट शोधत बसत नाही, नवं टाकतो. म्हणून रीओपनचा टक्का २ असला तरी खरी पुनरावृत्ती त्याच्या कितीतरी पट असू शकते.

हातांची संख्याही बोलकी असते. नेटवर्कवाले म्हणतात सर्व्हर, सर्व्हरवाले म्हणतात ॲप्लिकेशन, ॲप्लिकेशनवाले म्हणतात युजरचा ब्राउझर. तीनपेक्षा जास्त वेळा फिरलेलं तिकीट दिसलं की ते कुठल्या वर्गात नोंदवलं होतं ते बघा. बहुधा वर्गवारी चुकलेली असते किंवा त्या वर्गाला मालकच नसतो. वर्गांची यादी २०-२५ च्या वर जाऊ देऊ नका. दोनशे पर्यायांच्या यादीत घाईतला माणूस 'इतर' निवडतो, आणि 'इतर' हा सगळ्यांत मोठा वर्ग झाला की त्या यादीतून काहीच शिकता येत नाही.

युजरला काय विचारायचं

तिकीट बंद झाल्यावर येणारी पाच ताऱ्यांची मेल जवळजवळ निरुपयोगी आहे. खूश झालेला किंवा चिडलेला माणूसच ती भरतो, आणि समोरचा इंजिनियर ओळखीचा असेल तर भिडेखातर पाच देतो. त्याऐवजी दोनच प्रश्न ठेवा: काम सुरू झालं का, हो किंवा नाही, आणि एकूण किती वेळ अडलं होतं. 'नाही' आलं की तिकीट आपोआप पुन्हा उघडलं पाहिजे. 'अडलेला वेळ' युजर थोडा फुगवून सांगेल, ते चालतं. दोन विभागांची आणि दोन महिन्यांची तुलना करायला तो पुरेसा असतो.

वर्षातून एकदा सविस्तर सर्वेक्षण करावं. त्यासाठी परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेली सर्व्हक्वाल ही मोजपट्टी अजून उपयोगी आहे. तिच्यात २२ विधानं आहेत आणि पाच पैलू: विश्वासार्हता, तत्परता, माहितगारीतून येणारा भरवसा, आपुलकीने लक्ष देणं, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी. प्रत्येक विधानाला दोन उत्तरं घ्यायची, चांगल्या सेवेकडून अपेक्षा किती आणि इथे मिळतं किती. कामाचा असतो तो या दोहोंतला फरक. बावीस विधानं दोनदा भरायला लोक कंटाळतात, म्हणून आयटी सपोर्टसाठी दहा-बारा पुरेत. 'सांगितलेल्या वेळी इंजिनियर येतो', 'पुढे काय होणार ते मला कळवतात', 'तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागत नाही' अशी ठोस विधानं ठेवा. उत्तरं पाळीवार आणि जागावार वेगळी काढा. एकत्र सरासरीत रात्रपाळीचा आवाज दबतो.

जे तिकीटच टाकत नाहीत त्यांना कुठलंही सर्वेक्षण गाठत नाही. त्यांना शोधायची युक्ती सोपी आहे: विभागवार पीसींची संख्या आणि विभागवार तिकिटं शेजारी ठेवा. साठ पीसींच्या विभागातून महिन्यात दोनच तिकिटं येत असतील तर तिथे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. तिथली माणसं ओळखीच्या इंजिनियरला थेट मोबाइलवर बोलावतात, नाहीतर त्यांनी आशा सोडलीय. शॉप फ्लोअरवरच्या ऑपरेटरला इंग्रजी फॉर्म भरायला लावणं हेही एक कारण असतं. तिकीट फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर मराठीत, हिंदीत घ्यावं आणि नोंद हेल्पडेस्कने करावी. युजरचं मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवावं, कारण 'स्क्रीन फिरतेय' याचं 'डिस्प्ले इश्यू' झालं की निदानाचा धागाच तुटतो.

परत परत येणारी दुखणी

सुधारणेचा सगळ्यांत मोठा वाव इथे आहे, आणि मला यावर सगळ्यांत जास्त भर द्यावासा वाटतो. दोन उदाहरणं जवळपास प्रत्येक ऑफिसात सापडतील.

पहिलं, अकाउंट लॉक. युजरने पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून दिवसातून तीनदा खातं लॉक होतंय. इंजिनियर प्रत्येक वेळी दोन मिनिटांत अनलॉक करतो, तिकीट मुदतीत बंद, आकडे सुंदर. खरं कारण असतं कुठेतरी साठलेला जुना पासवर्ड: फोनवरची मेल, क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅप केलेला ड्राइव्ह, एखादं शेड्यूल्ड टास्क, किंवा दुसऱ्या पीसीवर उघडं राहिलेलं सेशन. विंडोज डोमेनमध्ये खातं लॉक झालं की डोमेन कंट्रोलरच्या (सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद पडते आणि तिच्यात चुकीचा पासवर्ड कुठल्या कॉम्प्युटरवरून आला त्याचं नाव असतं. नाव मेल सर्व्हरचं निघालं तर शोध फोनकडे वळवायचा. हे पाहायला पाच मिनिटं लागतात. अडचण अशी की पहिल्या पातळीवरच्या (कॉल आधी घेणाऱ्या) इंजिनियरला तो लॉग बघायचा अधिकारच नसतो. अधिकार फक्त वाचण्यापुरता द्या. दुसऱ्यांदा लॉक झालेल्या खात्याची ४७४० नोंद तिकिटात चिकटवल्याशिवाय ते बंद करायचं नाही, असा नियम करा.

दुसरं, 'प्रिंटर ऑफलाइन'. वीज गेली, प्रिंटर पुन्हा सुरू झाला, डीएचसीपीने (नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सेवेने) त्याला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला. पीसीवरचा पोर्ट अजून जुन्या आयपीकडे बघतोय. इंजिनियर येतो, प्रिंटर काढून पुन्हा जोडतो, दहा मिनिटांत काम होतं, आणि पुढच्या वेळी वीज गेली की तेच. प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला (यंत्राच्या कायमच्या ओळख-क्रमांकाला) डीएचसीपीमध्ये आयपी राखून ठेवला की हे दुखणं कायमचं जातं. पन्नास प्रिंटरांचं आरक्षण एका दिवसाचं काम आहे. ते होत नाही, कारण ते कुठल्याच तिकिटाचं काम नसतं.

आयटीआयएलमध्ये (आयटी सेवा चालवण्याच्या प्रचलित पद्धतींच्या संग्रहात) इन्सिडंट आणि प्रॉब्लेम वेगळे ठेवलेत ते याचसाठी. इन्सिडंट सोडवायचा म्हणजे काम पुन्हा सुरू करायचं, प्रॉब्लेम सोडवायचा म्हणजे कारण काढून टाकायचं. कागदावर सगळ्यांनाच हे माहीत असतं. प्रत्यक्षात प्रॉब्लेमसाठी कुणाचाही वेळ राखलेला नसतो. एका चांगल्या इंजिनियरचा आठवड्यातला एक पूर्ण दिवस राखा, त्या दिवशी त्याला कॉल द्यायचे नाहीत. दर आठवड्याला सगळ्यांत जास्त वेळा परतलेलं एक दुखणं घ्यायचं, कारण शोधायचं, उपाय करायचा आणि चार आठवड्यांनी त्या प्रकारची तिकिटं किती उरली ते मोजायचं.

आणि इंजिनियरांना बंद केलेल्या तिकिटांच्या संख्येवर जोखणं थांबवा. तसं जोखलं की एका कामाची तीन तिकिटं होतात, सोपी आधी उचलली जातात आणि कारण शोधणारा माणूस यादीत शेवटी दिसतो. हेल्पडेस्कवरची बरीच मुलं कमी पगारावर, कंत्राटी, सगळ्यांचं बोलणं खात काम करतात. कारण शोधून काढणाऱ्याचं नाव अहवालात यायला हवं, त्याची त्यांना आणि संस्थेलाही गरज आहे.

माणसं किती लागतात

फोनवरच्या हेल्पडेस्कची गरज अंदाजाने ठरवू नये. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एर्लांग यांनी शंभर वर्षांपूर्वी याचं गणित मांडून ठेवलंय. तासाला ३० कॉल आणि प्रत्येकी ८ मिनिटं म्हणजे २४० मिनिटांचं काम, अर्थात चार माणसांचा पूर्ण तास. चारच माणसं बसवली तर रांग वाढतच जाते. पाच बसवली तर सरासरी प्रतीक्षा सुमारे साडेचार मिनिटं, सहा बसवली तर एक मिनिटाच्या थोडी वर, सात बसवली तर २०-२२ सेकंद. पाचावरून सहावर जाण्याचा फायदा प्रचंड आहे, सहावरून सातवर जाण्याचा बराच कमी. खर्च मागायला जाताना हे तीन आकडे घेऊन जा. 'माणूस ऐंशी टक्केच वेळ व्यग्र आहे, मग आणखी कशाला' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे: पाच माणसं असताना ती बरोबर ऐंशी टक्केच व्यग्र असतात, आणि तरी साडेचार मिनिटांची रांग लागते.

मोठ्या दिवसाची तयारी

रोजचा कारभार ठीक असला तरी मोठ्या घटनेत उणिवा उघड्या पडतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. आपल्याकडे शुक्रवारची सकाळ होती, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. सदोष अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं गेलं, पण निळ्या पडद्यावर अडकलेलं मशीन बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये नेऊन फाइल हातानेच काढावी लागली. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असलेल्या मशीनला त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की लागत होती. तुमच्याकडची तयारी तपासायला असं काही घडायची वाट बघू नका. कुठलेही २० लॅपटॉप निवडा आणि टॅगवरून त्यांची रिकव्हरी की किती मिनिटांत सापडते ते घड्याळ लावून बघा. ज्या सर्व्हरवर या की ठेवल्यात तोच बंद असेल तर काय, हेही विचारा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. अशी घटना पहिल्यांदा येते ती साध्या तिकिटाच्या रूपात: 'फाइल उघडत नाहीत, नावं बदललीत'. पहिल्या पातळीवर ते 'ॲप्लिकेशन, प्राधान्य तीन' म्हणून नोंदवलं गेलं तर ६ तास रांगेतच संपतात. अशा दहा-बारा वाक्यांची यादी हेल्पडेस्कच्या टेबलावर असावी, आणि त्यातलं एक ऐकू आलं की तिकीट लिहीत बसण्याआधी सुरक्षेच्या माणसाला फोन जावा. तो माणूस रजेवर असताना कुणाला, तेही त्याच कागदावर.

कंत्राटात काय घालायचं

कंत्राट नव्याने करायची वेळ आली की एसएलएचा टक्का ९५ वरून ९८ करण्यात ताकद घालवू नका. त्याऐवजी चार अटी घाला. ३० दिवसांत त्याच टॅगवर तोच बिघाड परतला तर पहिलं तिकीट सुटलं असं धरलं जाणार नाही. मुदत चुकलेल्या तिकिटाला दंड दिवसागणिक वाढेल, कारण एकदाच लागणाऱ्या दंडाने जुनं तिकीट हलत नाही. रेसिडेंट इंजिनियर बदलताना नव्या-जुन्याचे निदान पाच दिवस एकत्र जातील. आणि तिकिटांचा पूर्ण डेटा, स्थितीच्या इतिहासासकट, संस्थेच्या मालकीचा राहील आणि दर तिमाहीला सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) मिळेल. ही शेवटची अट राहून गेली तर वेंडर बदलल्यावर तीन वर्षांच्या बिघाडांची नोंद त्याच्याबरोबर जाते, आणि कुठला प्रिंटर किती वेळा बंद पडला हे नव्या टीमला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.